शालिनीबाईसाहेबांनीं गंजाचें पारिपत्य केलें त्याची हकीकत

श्री. उंबरठ्यावर वसोन घर राखणारी जी देवता, तिला दंडवत घालोन लेखनास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मासीं पाऊस उघडला, ते समयीं समुद्राकांठच्या एका राज्यांत शालिनीबाईसाहेब मयेकर राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे चार खोल्या, एक जिना आणि वर गच्ची. थोरले धनी दिनकरराव मास्तर यांनीं आपल्या कमाईंत उभारिलें, आणि मागील सालीं ते कैलासवासी जाहले, तेव्हांपासोन बाईसाहेब एकट्याच गादीवर. आणि खारा वारा हा त्या मुलुखाचा कायमचा वैरी. धनी होते तोंवर तेलाची बुधली घेऊन फिरत, सबब वैऱ्याचें कांहीं चालत नसे. धनी गेले आणि गंजानें जागोजाग ठाणीं बसविलीं. दारें कण्हूं लागलीं, खिडक्या हलेनात, नळाची चावी दोहों हातांनीं फिरेना, आणि शिवणयंत्राचें चाक तर दगड होऊन बसलें. चिरंजीव परागराव देशावर चाकरीस होते, ते फोनवर म्हणों लागले जे घर थकलें, एकटीनें राहणें बरें नव्हे, गिऱ्हाईक पाहिलें आहे, दसरा होतांच येतों, व्यवहार उरकूं आणि तुला घेऊन जाऊं. बाईसाहेबांनीं बरें म्हटलें, परंतु त्या दिवसापासोन अन्न गोड लागेना. आणि अशांत देव्हाऱ्याच्या कपाटाची कडी अडकोन बसली, तेव्हां देवास बाहेरूनच फुलें वाहावीं लागलीं, आणि बाईसाहेबांचे मनांत चीड उत्पन्न जाहली.

मग स्वारी स्वयें बाजारांत निघाली. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक इस्माईलभाई पावसकर हे धन्यांचे जुने स्नेही. त्यांस सर्व वर्तमान निवेदन केलें. त्यांनीं फळीवरचा एक स्प्रेचा डबा काढिला, तोंडास बारीक लाल नळी, आणि समजावोन सांगितलें जे फवारा मारावा, अंमळ धीर धरावा, मग जोर करावा. शेगडी पेटती असतां मारूं नये आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या. बाईसाहेबांनीं पुसिलें, तेलानें होत नाहीं तें यानें होईल काय. भाई बोलिले, "वहिनी, मास्तर तेल घालायचे ते गंज चढूं नये म्हणून. चढलेला उतरवायला हें लागतं."

मग पदर खोंचोन मोहीम मांडिली. प्रथम देव्हाऱ्याच्या कडीवर चाल केली, फवारा मारोन धीर धरिला, चिमट्यानें टोला दिला, आणि कडी सुटली, आणि देवांस स्नान घडलें. मग बिजागऱ्या शरण आल्या, आणि खिडक्या उघडतांच वारा खोल्यांतून मोकळा धांवला, आणि नळाची चावी दोन बोटांनीं फिरूं लागली, आणि शिवणयंत्र पुसोन त्यावर उशीचा अभ्रा शिवून पाहिला. मग बाईसाहेबांस चेव आला. कात्री, छत्रीच्या काड्या, सायकलची साखळी, कुलपें, सर्व कामास लागलीं. बरण्यांवरच्या लेबलांचा चिकटा निघाला. शेजारच्या सावंतांच्या सुनेचे बोटांत अंगठी रुतली होती तीहि सोडविली, मग बोट साबणानें धुवविलें. भिंतीवर नातीनें मेणाच्या खडूनें मोर काढिला होता, त्यावर फवारा धरिला, पिसाऱ्याचें टोंक पुसलें, आणि हात थांबविला. मोरास अभय दिलें. एक किल्ला मात्र राहिला, तो गच्चीचा लोखंडी दरवाजा. धनी संध्याकाळीं वर बसत. ते गेल्यावर बाईसाहेब जिना चढल्याच नव्हत्या, आणि आतांहि पाय उचलेना.

दसरा झाला आणि परागराव दाखल जाहले. घर फिरोन पाहिलें, आश्चर्य केलें, तरी म्हणाले जे स्प्रेनें घर तरुण होत नाहीं, गिऱ्हाईक दुपारीं येणार. मग टेप घेऊन मोजमापास वर गेले, गंजलेला अडसर धक्के मारमारोन मागें सारिला आणि गच्चींत शिरले. इतक्यांत वाऱ्यानें दरवाजा आपटला, अडसर जिन्याच्या बाजूनें सरकोन खांचेंत रुतला, आणि चिरंजीव उन्हांत कैद जाहले. त्यांनीं पुष्कळ धडका दिल्या, मग हाक मारिली, "आई, वेल्डरला बोलाव. दार कापावं लागेल."

बाईसाहेब जिन्याच्या तळाशीं एका हातीं डबा, दुसऱ्या हातीं खलबत्त्यांतला बत्ता घेऊन उभ्या. पहिल्या पायरीवर पाय ठेविला. मग म्हणाल्या, "ह्यांनीं बसवलेलं दार आहे. कापायचं नाहीं. टाकीच्या सावलीला बस," आणि बत्ता कांखेंत मारोन, कठडा धरोन चढल्या, आणि अडसरावर चहूंकडोन फवारा मारोन वरच्या पायरीवर बसल्या. मग दारापलीकडोन आवाज आला, "बाबा इथंच बसायचे ना?" बाईसाहेब म्हणाल्या, "तिथंच. टाकीला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून." आणि दारापलीकडे पुत्राचा हुंदका ऐकूं आला. बाप गेल्यावर तो रडला नव्हता. बाईसाहेबांनीं त्यास रडूं दिलें, मग डोळे पुसोन बत्ता उचलिला आणि अडसरावर ऐसे घाव घातले कीं खालीं सावंतांच्या अंगणांतल्या कोंबड्या उडाल्या. अडसर हलला, सरकला, सुटला. दरवाजा उघडोन बाईसाहेब भर उन्हांत बाहेर आल्या, आणि समोर समुद्र लखलखत होता.

परागरावांनीं तेथूनच गिऱ्हाईकास फोन करोन सांगितलें जे घर विकणें नाहीं. बाईसाहेब टाकीस पाठ लावोन बसल्या, आणि चहा आज तूं कर ऐसी आज्ञा पुत्रास दिली.

येणेंप्रमाणें राज्य राहिलें आणि गंज हटला. चिरंजीव रिकाम्या हातीं परतले ऐसें कोणी म्हणों नये. त्यांच्या पुण्याच्या घराचें दार कुरकुरतें तें सूनबाईंकडून कळलें होतें, सबब आईनें एक नवा डबा पिशवींत घातला, आणि वापरावा कसा तें दोनदां सांगितलें. वर्तमान घडलें तैसें लिहिलें. वाचणारांचीं दारें हलकीं उघडोत.