सामाईक अंडाशय

मानवी शरीरातले बहुतेक अवयव ज्याचे त्याचे असतात. गुडघा दुखला तर ज्याचा त्यानं चोळावा, दाढ दुखली तर ज्याची त्यानं काढावी. अंडाशय हा एकच अवयव कुटुंबाच्या सामाईक मालकीचा आहे, हे धाकटीला सव्विसाव्या वर्षी कळलं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासायची. तिची पाळी महिनोन्‌महिने दडी मारायची, हनुवटीवर राठ केस उगवायचे आणि वजन नुसत्या हवेवर वाढायचं. तपासणीत पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, निघालं. 'अंडाशयात गाठी' ही बातमी आईनं अत्यंत गुप्तपणे फक्त काकांना सांगितली. संध्याकाळपर्यंत ती वॉचमनलाही कळली.

काकांचा या विषयातला अनुभव शून्य, त्यामुळे घरात भरलेल्या बैठकीचं अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे गेलं. त्यांनी धाकटीचं गोड बंद केलं, आत्यानं जागरण. (वॉचमननं मोबाइल उशाशी ठेवू नये असं कळवलं.) पण सर्वांना पटला तो उपाय एकच.

"लग्न झालं की सगळं सुरळीत होतं," आत्या म्हणाली.

"मला तर लग्नानंतरच निघालं," वहिनी म्हणाली. (हे मत इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.)

शेवटी धाकटी एकटीच डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी कागदावर चित्र काढलं. अंडाशयातली बीजं अर्धवट वाढून थांबतात, म्हणून पाळी लांबते. पुरुषी हार्मोन जरा जास्त, म्हणून केस. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून वजन. "समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतं," बाई म्हणाल्या. "आणि यात तुझी काही चूक नाही."

या शेवटच्या वाक्याला धाकटी खुर्चीतच रडली. हा उपाय आजवर कुणी सुचवलाच नव्हता.

घरी येऊन तिनं सगळं समजावलं.

"म्हणजे गाठी नाहीत?" काकांनी विचारलं.

"नाहीत. ती न पिकलेली बीजं आहेत."

"मग नावात गाठी कशाला?" ज्या आजाराला स्वतःचं नावही धड ठेवता येत नाही, त्याच्यावर काकांचा विश्वास बसेना.

साखर मात्र घरातल्या सगळ्यांनीच तपासून घ्या, असं बाईंनी बजावलं होतं. धाकटीची ठीक निघाली. काकांची निघाली नाही.

आत्यानं जेवणाच्या टेबलावर लगेच विषय काढला. काकांनी खिरीची वाटी ताटाआड सरकवली.

"अशा खाजगी गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी त्यांना बरोबर चालायला नेऊ लागली. रस्ताभर ती त्यांच्या तब्येतीबद्दल अवाक्षर काढायची नाही. काकांना हा उपचार फार मानवला.

एव्हाना तुम्हालाही धाकटीसाठी एखादा रामबाण उपाय सुचला असेल. तुमच्या मावसबहिणीला गुण आला होता, तोच. जरूर येऊन सांगा. आधी फक्त तुमचं वजन, तुमची साखर आणि सकाळी तुमचं पोट कसं साफ झालं, एवढं जिन्यात उभं राहून जरा मोठ्यानं सांगा. वॉचमनला ऐकू जायला हवं.