यशवंतबाबांचं उघडं इंजिन

आमच्याकडे झोपाळा टांगला तेव्हा शेजारचे यशवंतबाब टेप घेऊन आले. कड्यांची लांबी मोजली, झोका किती जातो ते मोजलं, एकाला दुसऱ्यानं भागलं आणि माझ्या आईला म्हणाले, "काकी, बसू नकात. रेशो बरो नाय." आई बसली. झोपाळा अजून शाबूत आहे.

हा रेशो म्हणजे त्यांच्या डोक्यातला भुंगा. इंजिनात पिस्टन खालीवर जितका धावतो तो स्ट्रोक. पिस्टनला जोडलेला तो कनेक्टिंग रॉड. रॉडच्या लांबीला स्ट्रोकनं भागायचं. रॉड आखूड असला की जास्त तिरका होतो आणि पिस्टन भिंतीला घासतो. त्यात टर्बो लावून जादा हवा कोंबली की घासणं आणखी वाढतं. हे मला झोपेतही सांगता येईल, कारण माझे सगळे रविवार त्यांच्या पडवीत टॉर्च धरण्यात गेले. मी सरकारी कारकून, मला स्कूटरची हवासुद्धा भरता येत नाही!

तुये गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसानं पोफळीचं कुळागर बघावं, देवळात बसावं. यांनी जुनी गाडी घेऊन तिला टर्बो बसवला. पहिलं इंजिन पत्रादेवीच्या चढावर फुटलं. मेकॅनिक म्हणाला, जादा हवेला पेट्रोल कमी पडलं. हे म्हणाले, "रेशो!" दुसरं कोलवाळच्या पुलावर गेलं. तेल घालायला हेच विसरले होते. तरीही "रेशो!" गाडी ढकलली मी.

त्यांचा मुलगा नितीन बोटीवर इंजिनिअर. बायको गेल्यापासून घरात हे एकटेच. नितीनचा फोन कधीमधी यायचा. "जेवलात?" "जेवलंय." संपलं बोलणं. इंजिन फुटलं की मात्र तो दर रविवारी भर समुद्रातून ओरडायचा, "पप्पा, रेशोचा खूळ सोडात! आधी तेल बगा, ट्युनिंग बगा!"

"तुका काय कळता?" हे इकडून ओरडायचे. या भांडणाला कंटाळून तरी हा माणूस गाडी विकेल, अशी मला आशा होती.

शेवटी लांब रॉड आले, जुळणारे पिस्टन आले, सगळं बसलं. मोपाच्या पठारावर गाडी अशी सुटली की मी डोळेच मिटले. घरी येऊन देवापुढे दिवा लावला. रविवार सुटले!

थोडे दिवस सुखात गेले. मग एका रविवारी मोरजीला मासळी आणायला निघालो, तर यशवंतबाबांच्या पडवीत इंजिन पुन्हा उघडलेलं. माझा पारा चढला. "बरी चलत होती नी? कशाक उघडलात?"

तेवढ्यात फोन वाजला. नितीन. "पप्पा, इंजिनाचो फोटो बगलंय. परत काय झाला?"

"मोपाच्या चढार आवाज करूक लागली रे. रेशोच चुकलो दिसता."

धडधडीत खोटं! मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. तिकडून नितीन तावातावानं सुरू झाला. यशवंतबाब पायरीवर बसून डोळे मिटून ऐकत राहिले. मध्येच "तुका काय कळता" म्हणायचे, पण अगदी हळू.

फोन संपल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी बरी चलता म्हणान सांगलंय, तर नितीन 'बरा झाला' म्हणालो. मगे त्याचो फोनच नाय."

वैताग आला होता तो होताच, पण मासळीची पिशवी खुंटीला लावून मी त्यांच्या शेजारी बसलो.

"यशवंतबाब, फुडल्या आयतारा नितीनाक काय बिघडला म्हणान सांगूचा?"