नानाजींच्या छातीतली डबी

श्रावण हा आंजी मोठी या गावचा पहिला शास्त्रज्ञ, आणि ही गोष्ट कुणाला ठाऊक नसेल तर तो स्वतः सांगायचा! चार वर्षं खपून त्यानं अणुभट्टीवर न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर उभा केला होता. भट्टीतून न्यूट्रॉनांचा झोत यायचा, पदार्थात शिरून बाहेर पडायचा, आणि त्याचा जोर किती बदलला ते हे यंत्र मोजणार होतं. त्यावरून आतले अणू कसे थरथरतात ते कळणार. भोवती मेणाच्या आणि शिशाच्या विटांची भिंत. "हिच्यातून एक न्यूट्रॉन निसटून दाखवावा!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी.

पहिली मोजणी महिन्यावर आली तेव्हा तो दोन दिवस घरी गेला. भट्टीवर प्रत्येकाच्या खिशाला फिल्मची चपटी डबी असते. अंगावर किती किरणं पडली ते त्या फिल्मवर उमटतं. ती फाटकाशी ठेवून बाहेर पडायचं, असा नियम. पण गाडीच्या घाईत साहेब डबीसकट आंजीला पोचले!

दुसऱ्या दिवशी वडील, नानाजी, म्हणाले, "वर्ध्याले जाऊन येतो. तुहा सदरा घालू काय रे?"

"घाला नं बाबा! पाहू द्या लोकायले!"

नानाजी सदरा घालून गेले, संध्याकाळी खुंटीला टांगून मोकळे झाले. श्रावण तोच सदरा घेऊन परतला.

महिनाअखेरीस फिल्म धुतली तर ती कोळशासारखी काळी! सुरक्षा अधिकारी धावत आले. "झोत गळतोय! यंत्र बंद!" मोजणीला दोन दिवस उरले होते. भिंत वीट वीट करून उतरवली. मोजयंत्र घेऊन पाच माणसं फटी हुंगत फिरली. फट सापडेना. श्रावण जेवेना, झोपेना.

आठव्या दिवशी अधिकाऱ्यांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली. "अहो, ही तुमच्या झोताची नव्हे, एक्स-रेची खूण आहे. छातीचा फोटो काढला होता का?"

"मी? मी तर ठणठणीत..." आणि श्रावणला घरच्या खुंटीवरचा सदरा आठवला. सदरा घालून वर्ध्याला कोण गेलं होतं?

भिंत पुन्हा चढली, सोमवारी मोजणी ठरली. श्रावणनं, जिच्यासाठी चार वर्षं खपला ती कळ दाबायचं काम सोबत्याच्या हाती दिलं आणि आठ दिवसांची रजा घेऊन गाडी पकडली.

नानाजी अंगणात तूर निवडत होते.

"बाबा, छातीचा फोटो काऊन काढला?"

नानाजी दचकले. "तुले कोनं सांगितलं?"

"डबीनं!"

"हात्तिच्या! त्या डबीनंच तं घोटाळा केला!" नानाजी उसळले. "खोकला होता दोन महिन्यापासून. फोटोवाला म्हने सदरा काढा. म्या म्हटलं, लेकाचा सदरा हाय, कोनी उचलून नेला तं? काढला नाई. फोटोत माह्या छातीत चौकोनी डबी! डॉक्टरले घाम फुटला. म्हने, काय गिळलं? परत एक काढला, परत डबी! तिसऱ्या खेपेले सदरा उतरवला, तवा फोटो साफ निघाला. काई नाई, धुळीचा खोकला."

"मले काऊन नाई सांगितलं?" श्रावणचा आवाज फाटला. "म्या घरातच होतो नं!"

"तुह्या मशीनचा टाइम होता, बाबू. दोन दिवसासाठी आलता, त्यात तुले कायले घोर?"

श्रावण वडिलांच्या शेजारी बसला. तूर म्हणजे काही कांदा नव्हे, तरी त्यानं डोळे पुसले. आतून आई, तानाबाई, म्हणाली, "म्या रोज म्हनत होती, पोराले चिठ्ठी लिवा. आयकतीन तं नं!"

"किती दिवस हायस?" नानाजींनी हळूच विचारलं.

"आठ."

नानाजींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "चार वर्सं पत्रं लिवली तं दोन दिवस. अन् एका फोटोत आठ! तानाबाई, दिवाळीच्या आंधी अजून एक काढून येतो वो!"