कणभर शिसं
तिन्हीसांजेला घळीतून वर येऊन सावळाराम विंझर गावात, तो उतरला होता त्या चंद्राबाईच्या ओसरीवर पोचला आणि जागीच थबकला. सकाळी कोनाड्यात ठेवलेला त्याचा काळा दगड लालभडक झाला होता आणि त्याच्यापुढे उदबत्ती जळत होती.

"आजी, हे कुणी केलं?"

"म्याच. दिवस मावळला तरी तुमचा पत्ता न्हाई. म्हनलं, त्याच डोंगराचा दगूड हाय, त्यालाच सांगावं, पोराला सुखरूप धाड."

पुण्याच्या कॉलेजात सावळाराम दगडांचाच अभ्यास करत होता. लाव्हाच्या दगडात कणभर शिसं असतं. त्यातले हलके-जड अणू मोजले, की लाव्हा कुठल्या खोल थरांतून वर आला, सह्याद्रीच्या पोटात काय दडलंय, याचा अंदाज बांधता येतो. मोठ्या मिनतवारीने त्याला मोजणीच्या यंत्रावर सोमवारचा नंबर मिळाला होता. तो हुकला की वर्ष गेलं. आणि शेंदरात तर शिसंच शिसं! तेलाबरोबर ते दगडाच्या भेगाभेगांत मुरलं होतं.

हे त्याच्याकडून ऐकून चंद्राबाईचा चेहरा एवढासा झाला.

"पुसून दिऊ का?"

"नको, नको! उद्या दुसरा आणतो. फक्त माझ्या दगडाला शेंदूर लावू नका."

"तुमच्या गळ्याशप्पत न्हाई लावनार."

"माज्यासाठी हिनं कंदी उदबत्ती लावली न्हाई," तिचा नवरा कुंडलिक कोपऱ्यातून म्हणाला.

"तुमी कंदी घळीत उतरला?"

दुसऱ्या दिवशी घळीतल्या अंधारात सावळारामने नवा दगड फोडला, फडक्यात गुंडाळला आणि खुशीत परतला. ओसरीवर फडकं सोडलं, तर दगडावर लाल ओरखडे!

"आजी!"

"दगडाला म्या बोटसुदीक लावलं न्हाई," चंद्राबाई रडवेली झाली. "हातोड्याला लावला. त्यो तुमच्या संगं खाली जातोय, राखन त्योच करनार न्हवं?"

रागवायला म्हणून सावळारामने तोंड उघडलं. पुण्यात तो खोली घेऊन एकटाच राहायचा. कितीही उशीर झाला तरी तिथे त्याची वाट फक्त दाराचं कुलूप बघायचं. त्याला एकदम भरून आलं.

"पन आलात न्हवं सुखरूप?"

"आलो, आजी."

रविवारी तो तिसऱ्यांदा निघाला. हातोड्याचं तोंड त्याने स्वतः साबणाने घासघासून धुतलं. चंद्राबाई हात मागे बांधून बघत होती.

दांड्याच्या टोकाला शेंदराचं एक बोट उरलं होतं. ते मात्र त्याने तसंच ठेवलं.