हणमंतराजियांचे श्वासयंत्र व मिशा यांची हकीकत

श्री. ज्या देवाचे नाकास उपजतच नळी लाभली त्या गजाननास दंडवत; त्याचा श्वास कधी अडला नाही, तैसा वाचणाराचाही न अडो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, वैशाख मासी, एका राज्यात जे घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण तेथील मंडळी रुसवी फार.

राज्याचे धनी हणमंतराजे. पुरुष थोर, छाती रुंद, मान आखूड, आणि मिशा ऐशा की दोहों अंगी लिंबू ठेवून गावभर फिरावे, लिंबू पडावयाचे नाही. ऐसे राजे भोजनोत्तर दरबारात गादीवर लोडास टेकत, आणि टेकले की घोरत, आणि ते घोरणे साधे नव्हे; तबेल्यात घोडी कान टवकारीत. त्या घोरण्यावरच सारा कारभार बसला होता. घोर ऐकू आला की देवडीवरचे पहारेकरी भाले भिंतीस लावून डुलकी घेत, आणि मुदपाकखान्यात चहाचे आधण चढे, आणि लखमोपंत कारभारी कागद घेऊन पुढे होत, घडाघडा वाचीत, आणि राजांची मान छातीवर पडली की "रुकार जाहला" म्हणून शिक्का उठवीत. रीतच ऐसी होती की राजाची मान हलली म्हणजे हुकूम. मान झोपेत हलली की जागेपणी, हे रीतीत कोणी सांगितले नव्हते. तेणेकरून पंतांचे तिघे मेहुणे किल्लेदार जाहले. राज्यात किल्ला एकच होता.

परंतु त्या घोरण्यात एक खळगा होता, तो एकट्या गजराबाई राणीसाहेबांस ठाऊक. घोर चढत जाई, चढत जाई, आणि मध्येच तुटे. दरबारास वाटे, धनी स्वस्थ जाहले. गादीमागे पडदा असे आणि पडद्यामागे राणीसाहेब वाळ्याचा पंखा घेऊन बसत, आणि घोर तुटला की बाईंचाही श्वास तिथेच थांबे, आणि मग पंख्याची दांडी पडद्याखालून राजांचे बरगडीस लागे, आणि मग राजे मोठी धाप टाकून पुनः घोरू लागत. ऐसे वर्षानुवर्षे चालिले. बाईंचे डोळा सुखाची झोप म्हणून नाही; डोळ्यांखाली इतके काळे आले की नवी दासी काजळ पसरले समजून पुसावयास गेली. राजांस सांगावे तर राजे हसत आणि म्हणत, "आम्ही घोरतो? आम्ही तर कधी ऐकिले नाही." शेवटी बाईंनी वैद्यांस पडद्यामागे बसवून ऐकविले. वैद्यांचा रंग उतरला. म्हणाले, "बाईसाहेब, निद्रेत गळ्याची वाट मिटते. आज उघडते, उद्या उघडावयाची राहिली तर? हृदयावर भार येतो आहे. वारा आत लोटणारे यंत्र नाकास लावून निजावे, याविना मला दुसरे सुचत नाही." बाईंनी हातातला पंखा घट्ट धरिला. त्या भ्याल्या, आणि भ्याल्या ते कोणास दिसू दिले नाही.

मग बंदरावरून कासमभाई सौदागर पेटी घेऊन आला आणि दरबारात उभा राहून बोलिला, "हुजूर, आवाज तीस डेसिबलच्या आत. मी आपल्या कानात कुजबुजलो तर त्याचा आवाज जास्त होईल." पंतांनी मनात हिशेब मांडिला, की राजे नीट निजले तर दरबारात जागे राहणार, आणि जागे राहिले तर मेहुणे मोजणार. म्हणोन पंत आवाज चढवून म्हणाले, "डेसिबल हे माप कोणत्या परगण्याचे? आमचे दरबारी आवाजाची मापे तीनच, खाकरणे, हाक आणि तोफ. तुमचे तीस यात कोठे बसते?" कासमभाई म्हणाला, "खाकरण्याच्या पण पुष्कळ खाली, पंतसाहेब." "ते आम्ही पाहू," म्हणून पंतांनी परीक्षा मांडिली. त्या राज्याचा शिरस्ता ऐसा की राजाचे कामाची वस्तु भुईस टेकवू नये, चांदीचे तबकात ठेवावी आणि तबक पितळी तिवईवर. तैसेच यंत्र ठेविले आणि कळ दाबिली. यंत्र आपले हळू चालिले, परी त्याचे कंपाने तबक थडथडू लागले, आणि तबकाने तिवई झणझणू लागली, आणि मानकऱ्यांनी कानांवर हात ठेविले. पंत ओरडले, "तोफेच्या खालोखाल!" यंत्र उद्या बंदरी परत धाडावे ऐसा ठराव जाहला. राजांसही बरे वाटले. म्हणाले, "सुटलो. नाकास नळी लावून आम्ही काय हत्ती शोभावे?"

दरबार उठला, आणि मग बाईंनी ते यंत्र पदराखाली घालून आपले महाली नेले, आणि तबक बाजूस सारून आपली जुनी शाल चौघडी करून खाली घातली, तीवर यंत्र ठेविले आणि नळीचे टोकास असलेला मुखवटा आपलेच नाकास लावून आडव्या जाहल्या. कान देऊन ऐकतात, तो बाहेर पन्हाळीवर पारवे चालत होते त्यांची पावले ऐकू आली, यंत्र ऐकू येईना. बाई उठून बसल्या आणि त्यांस रडू आले आणि हसूही आले. तैशाच राजांस बोलावून, गोड बोलून, निजवून मुखवटा त्यांचे नाकास बांधिला. कळ दाबिली, तो कुकराची व्हावी तैसी शिट्टी! राजे म्हणाले, "पाहिलेत? यंत्रच खोटे." बाईंनी वाकून पाहिले. मुखवटा नाकाभोवती बसला होता, परी खालचे अंगी मिशांचे रानावर अधांतरी राहिला होता आणि सारा वारा तेथून शिट्टी घालीत पळत होता. बाईंनी दोन अंगठ्यांनी मुखवट्याची कड मिशांवर दाबिली, शिट्टी बंद. अंगठे काढिले, शिट्टी सुरू. मग राजांसही कळले, आणि कळले म्हणोनच ते उठून बसले.

"मिशीस हात लावावयाचा नाही," राजे म्हणाले. "आमचे घराण्यात बाप वारला तरच मिशी उतरते. उगीच उतरली तर राज्य काय म्हणेल?" राणीसाहेब आजवर तोंड वर करून बोलिल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "राज्य काय म्हणेल ते राज्यास म्हणू द्या. आपला श्वास तुटतो ना, तेव्हा मी तिकडे मरते. दांडी मारते आणि वाट बघते की आता धाप येईल का नाही. राजा गेला तर राज्य दुसरा राजा बसवील. मी दुसरा कुठून आणू?" राजांनी बरगडीस हात लाविला. तेथे कातडी घट्ट जाहली होती; आजवर त्यांस वाटे, हा जुना तलवारीचा घाव असावा. मग दासीस म्हणाले, "न्हाव्यास हाक मार."

दुसरे दिवशी राजे गुळगुळीत ओठाने दरबारी आले, आणि दरबारात एकच रडारड जाहली. कोण गेले हे कोणास ठाऊक नव्हते, परी पंतांनी सर्वांआधी डोळ्यांस उपरणे लाविले. राजे म्हणाले, "कोणी मेले नाही. मरू नये, म्हणोन मिशी काढिली." आणि मग भोजनोत्तर महाली जाऊन, मुखवटा बांधून, रोज निजू लागले आणि ताजे होऊन दरबारी बसू लागले. पंत कागद वाचीत आणि मान पडावयाची वाट पाहत, आणि मान ताठच. एके दिवशी राजे बोलिले, "पंत, किल्ला एक आणि हा चौथा किल्लेदार कशास?" पंत कागद सावरीत म्हणाले, "सरकार, हा मेहुणा नव्हे, साडू." "मग साडूस आधी किल्ला बांधू द्या," राजे म्हणाले. साडूचा कागद घडी होऊन पुनः पंतांचे बगलेत गेला.

राणीसाहेबांची मात्र गत निराळीच. घोर गेला, खळगा गेला, आणि महालात इतके निवांत जाहले की बाईंस झोप येईना; निवांतपणाचेच भय वाटे. सवयीने दांडी जाई, आणि राजे मुखवटा वर करून म्हणत, "आहे मी. निजा." एके दिवशी दोन प्रहरी बाईंनी मुखवट्याचे भोकासमोर तळहात धरिला. वारा तळहातास लागत होता, येत होता, येतच होता, कोठे तुटत नव्हता. ऐसा हात धरूनच बाईंचे डोळे मिटले, आणि कित्येक वर्षांची राहिलेली झोप एकदम आली, आणि राणीसाहेब घोरू लागल्या. तबेल्यात घोडी कान टवकारू लागली. पहाऱ्यावर आनंद जाहला, भाले भिंतीस लागले. मुदपाकखान्यात आधण चढले. आणि पंतांनी तो घोर ऐकिला, तो त्यांस स्वर्ग दोन बोटे उरला. साडूचा कागद काखोटीस मारून, जोडे वाजवीत, ते थेट महालात शिरले आणि "रुकार" म्हणावयास तोंड उघडिले.

तो काय पाहतात, राजे जागे, पलंगाचे काठी बसलेले, मुखवटा कपाळावर चढविलेला, उजवे हाती वाळ्याचा पंखा घेऊन राणीसाहेबांस वारा घालीत आहेत, आणि कान त्यांचे श्वासाकडे लावून बसले आहेत की कोठे खळगा तर पडत नाही ना. राजांनी डावे हाताचे बोट ओठांवर ठेविले. आणि मग पंतांचे हातातला कागद पाहून, यंत्राहूनही हळू आवाजात हुकूम केला, "फाडा तो. पण आवाज होऊ देऊ नका."

एवंच, यंत्राचा आवाज खाकरण्याखाली ठरला, मिशा पुनः राखिल्या नाहीत, आणि पंत तो कागद फाडीत सूर्यास्तापर्यंत तेथेच उभे होते, कारण जरा जोराने ओढिले की राजे पंखा उगारीत. घोर कोठे तुटला नाही. इति हकीकत, वाचून मोठ्याने हसू नये, शेजारी कोणी निजले असेल.