पहिलं नाव, मग काम

शिवगण बंद लिफ्टशी बोलतात. म्हणजे लिफ्ट अडकली की दरवाजावर तळहात ठेवून आधी स्वतःचं नाव सांगतात, मग आतल्यांची नावं विचारतात आणि त्यानंतरच पान्याला हात लावतात. "पहिलं नाव, मग काम," हा त्यांचा नियम.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते एकतीस वर्षं मेकॅनिक आहेत आणि सिल्व्हर पार्कातल्या आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे घड्याळ लावून सांगू शकतो: मागे जिग्नाबेन अडकल्या तेव्हा सुटकेला नऊ मिनिटं लागली, त्यातली पाच गप्पांची. बाहेर आल्या त्या उंधियूची कृती सांगतच. ती पुरी ऐकून घेतल्याशिवाय शिवगणांनी हत्यारांची पिशवी बंद केली नाही.

यंदा कंपनीने प्रशिक्षण ऑनलाइन केलं. पाणबुड्याच्या चष्म्यासारखं एक यंत्र घरपोच आलं. ते डोळ्यांवर चढवलं की चौफेर खोटी इमारत दिसते, तिच्यात खोटी लिफ्ट, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकलेली. सहा मिनिटांत माणसं बाहेर काढायची. संधी चार. नापास झालं तर सुटकेचं काम बंद, ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे.

"फोनवर बोलताना हात कुठे ठेवू?" शिवगण म्हणाले. एवढे हिरमुसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

या यंत्राला सात बाय सात फूट मोकळी जागा लागते. शिवगणांच्या घरात लिफ्टचे जुने सुटे भाग इतके, की चार फूटही सलग मिळेनात. मी आमच्या हॉलला टेप लावली, सोफा सरकवला, सात बाय साडेसात निघाले. चष्म्यातलं चित्र त्यांच्या मोबाइलवर मलाही दिसत होतं.

पहिल्या खेपेला त्यांनी लिफ्टच्या दरवाजावर, म्हणजे आमच्या शोकेसवर, हात ठेवला आणि नावं विचारली. आत तीन माणसं, कोट घातलेली, गप्प. "कोट काढा, उकडेल," असंही सांगून झालं. शिवगण उत्तराची वाट बघत राहिले आणि वेळ संपली. कंपनीची ट्रेनर मुलगी मोबाइलवरून समजावू लागली, "सर, वो पुतले हैं. जवाब नहीं देंगे."

"मॅडम, डर गए हैं, इसलिए चुप हैं," शिवगण म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी हिंदीत विचारलं, मग गुजरातीत. कोटवाले मराठी नसणार, असा त्यांचा अंदाज. तीही संधी गेली. तिसऱ्या खेपेला मीच दटावलं, की आज तोंड उघडायचं नाही. त्यांनी उघडलं नाही. पण एकतीस वर्षांत न केलेली चूक त्यांनी केली. मेन स्विच बंद न करताच दरवाजा उघडला. पडद्यावर लाल दिवा लागला.

शेवटची खेप शनिवारी. शोकेसवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "मी शिवगण. आत कोण आहे?" मी घड्याळाकडे बघत होतो. सतरा सेकंद गेले.

"मी आहे हो, सुनीता," स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली. "आम्ही तिघं आहोत."

"वहिनी, श्वास नीट चालतोय ना?"

"चालतोय. कुकर लावायचाय, लवकर काढा."

शिवगणांचे वर चढलेले खांदे खाली आले. मी इथेच आहे, कुठे जात नाही, असं पुटपुटत त्यांनी मेन स्विच बंद केला, लिफ्ट मजल्याला आणली, दरवाजा उघडला. चार मिनिटं बावन्न सेकंद. तिन्ही कोटवाले बाहेर.

"सर, पीछे लेडीज़ कौन बोल रही थीं?" ट्रेनरने विचारलं.

"पॅसेंजर," शिवगण म्हणाले. मुलगी हसली, पास केलं आणि फोन ठेवला.

सुनीता हात पुसत बाहेर आली. शिवगण शोकेसकडे तोंड करून तसेच उभे होते.

"आमच्या हिला हॉस्पिटलात आत घेतलं ना वहिनी, तेव्हा मला दाराबाहेरच थांबवलं होतं," ते म्हणाले. "अकरा दिवस. मी बाहेर बसलोय हे शेवटपर्यंत तिला कुणी सांगितलं की नाही, ते कळलंच नाही."

सुनीताने खुर्ची पुढे केली. चाचपडत ते बसले. चष्मा मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.