चौथा रकाना

वेणीमाधवशास्त्र्यांच्या स्तोत्रवर्गाला सलग चौथ्या रविवारी एकही विद्यार्थी आला नाही. सातही मुले गंगेकाठी राजा घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर, नाशिकहून बदलून आलेल्या बँकेतल्या रत्नाकरांभोवती दुर्बीण घेऊन पक्षी पाहत बसली होती. त्यांत शास्त्रीबुवांची सख्खी नात अवनीही होती, आणि हेच शल्य त्यांच्या अंतःकरणात अहोरात्र सलत होते.

"आजोबा, तुमच्या क्लासमध्ये काही उडत नाही ना," असे कारण तिने निःसंकोच सांगितले होते.

खालून रत्नाकरांचा आवाज आला, "आधी नाव विचारायचं नाही. वहीत चार रकाने करा. आकार, रंग, आवाज, सवय. नीट पाहा, मग लिहा."

"नावावाचून कसली आलीय विद्या," शास्त्रीबुवा वरच्या पायरीवर पुटपुटले. तथापि मुले ज्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांकडे पाहत होती, ते हिवाळाभर नावाडी टाकतात त्या शेवेमागे धावतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पक्षी इकडे आले की मुले येणार, आणि मुलांबरोबर अवनी. त्यांनी कुशल नावाच्या नावाड्याकडून शेवेचे सर्वांत मोठे पाकीट घेतले.

"गुरुजी, पूरा एक साथ मत खोलिए," कुशल म्हणाला.

"हमको मत सिखाओ." पाण्याच्या काठाशी जाऊन त्यांनी पाकीट दातांनी फाडले आणि नावाड्यांच्या थाटात साद घातली, "आओ, आओ..."

पक्षी आले. सगळेच आले. एकाने टोपी उडवली, दुसऱ्याने उपरणे ओढले, उरलेले त्यांच्या खांद्यांवर शेवेसाठी भांडू लागले. शास्त्रीबुवांचा पाय घसरला आणि ते कमरेइतक्या गंगेत बैठक मारून बसले. पाकीट वाहून गेले, त्यामागे थवाही गेला.

मुले मात्र धावत आली. अर्धवर्तुळ करून ती निःशब्दपणे लिहू लागली. दात वाजत असतानाही शास्त्रीबुवांनी रत्नाकरांकडे एक विजयी कटाक्ष टाकला.

"हलू नका, आजोबा," अवनी म्हणाली. "लिहिते आहे."

"वाच पाहू, पक्ष्यांचं काय लिहिलंस?"

"पक्षी तर केव्हाच गेले." तिने वही वर धरली. "आकार, मध्यम, पोट मोठं. रंग पांढरा, नाक लाल. आवाज, आओ आओ. सवय, दर रविवारी वरच्या पायरीवरून आमच्याकडे पाहत बसतो. बोलावलं तरी जवळ येत नाही."

शास्त्रीबुवा बराच वेळ पाण्यातच राहिले. मग निथळत उठले आणि तिच्या शेजारी येऊन बसले.

"नाक थंडीनं लाल झालंय, ते राहू दे," ते गंभीरपणे म्हणाले. "शेवटचं वाक्य तेवढं खोड."